गॅरेजमधलं रिकामं टेबल

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायचा निरोप आला त्याच दिवशी आमच्या गाडीचा एसी बंद पडला. जुलै महिना. शारजात जुलैमध्ये गाडीचा एसी बंद पडणं म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला मी अजून पटवू शकलेले नाही. ती म्हणते, काचा खाली करायच्या. असो. एसीसाठी मी मुश्ताकभाईंकडे गेले, आणि लेखाचंही तिथेच उरकून टाकावं असं ठरवलं. दोन खेपा करायचं त्राण नव्हतं.

लेखाचा विषय आमच्या अध्यक्षबाईंनी, म्हणजे विनिताने, ठरवला होता. यूएईतल्या दोन मराठी समाजांची आर्थिक तुलना. एका बाजूला पुण्यामुंबईहून आलेले आम्ही पगारदार लोक, दुसऱ्या बाजूला रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान.

"शोभना, तूच लिही. तुझे त्यांच्यात कॉन्टॅक्ट्स आहेत," विनिता फोनवर म्हणाली. 'त्यांच्यात' हा शब्द तिने असा उच्चारला की मी हेरगिरी करते असं वाटावं. "आणि टोन पॉझिटिव्ह ठेव हं. एज्युकेशनमुळे आपली कम्युनिटी कशी पुढे गेली, वगैरे."

म्हणजे निष्कर्ष तयार होता, मी फक्त आकडे गोळा करायचे होते. बावीस वर्षं या देशात काढल्यावर असल्या गोष्टींवरून भांडायचा कंटाळा येतो. मी हो म्हटलं.

मुश्ताक सरखोत यांचं गॅरेज शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, एका टायरवाल्याच्या आणि एका डेंटिंगवाल्याच्या मध्ये दाबून बसलेलं आहे. फक्त गाड्यांचे एसी दुरुस्त करतात. मागच्या बाजूला काचेची छोटी केबिन, तिच्यात दोन टेबलं. एका टेबलावर ते स्वतः बसतात, दुसरं रिकामं. माणूस साठीला आलेला, उंच, थोडा वाकलेला, डाव्या हातावर जुन्या भाजल्याची खूण. मला पाहून त्यांनी पोराला हाक मारून करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा सांगितला आणि केबिनचं दार उघडलं.

"बसा वहिनी. एसी आमचा चालू असतो, लोकांचाच बंद असतो."

हा विनोद ते गेली वीस वर्षं करतायत आणि मी गेली वीस वर्षं हसते. तेवढंच नातं टिकायला पुरतं कधी कधी.

आमची ओळख शारजाच्या रोला भागातली. मी आणि माझा नवरा गुणवंत नवे नवे शारजात आलो तेव्हा रोल्याच्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये एक खोली आणि किचन एवढ्यात राहायचो. समोरच्या दारात मुश्ताकभाई, त्यांची बायको बिलकीस आणि रेहान नावाचा चार वर्षांचा मुलगा. गुणवंत तेव्हा एका बांधकाम कंपनीत ज्युनिअर होता. मुश्ताकभाई दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. पगारात फरक होता, पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही घरांत डाळभातच असायचा. रेहान दुपारी माझ्याकडे येऊन झोपायचा, कारण आमचा एसी त्यांच्यापेक्षा बरा होता. मेकॅनिकच्या घरचाच एसी खराब, यावर बिलकीस नवऱ्याला इतकं चिडवायची की मला मध्ये पडावं लागायचं.

मग रेहानच्या शाळेची वेळ आली. इथल्या शाळेची फी बघून मुश्ताकभाईंनी हात टेकले. बिलकीस मुलाला घेऊन श्रीवर्धनजवळच्या त्यांच्या गावी गेली. तात्पुरती म्हणून गेली. जाताना तिने मला तिचा प्रेशर कुकर ठेवायला दिला, पुढच्या वर्षी आल्यावर घेईन म्हणाली. त्यानंतर ती इथे राहायला कधीच आली नाही. गुणवंतला मात्र बढत्या मिळत गेल्या, आम्ही अल नहदात टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, भाड्याने अर्थात, आणि वैभवी झाली, ती इथेच शिकली. एकाच मजल्यावरून निघालेली दोन घरं. तुलनाच करायची तर आमची करावी, असं मला वाटलं ते म्हणून.

मी कागद काढला. उत्पन्न, खर्च, बचत, असे रकाने आखून आणले होते. मुश्ताकभाई बघून हसले.

"मुलाखत घेताय का टॅक्सवाल्यांनी पाठवलंय?"

"सांगा हो. नाव टाकणार नाही."

"टाका ना. लपवण्यासारखं असतं तर बरं झालं असतं."

मग त्यांनी सांगितलं. दुकानाचं भाडं, पाच माणसांचे पगार, त्यांचे व्हिसा, लायसनची फी, सगळं जाऊन चांगल्या महिन्यात आठ हजार दिरहम हातात राहतात. "म्हणजे आपले एक लाख ऐंशी-पंच्याऐंशी हजार," त्यांनी लगेच रुपये केले. "हिवाळ्यात निम्मेच. थंडीत कोणाला एसी हवाय?" गुणवंतचा पगार सव्वीस हजार होता, म्हणजे सहा लाख. कागदावर आम्ही तिप्पट पुढे. विनिता खूश झाली असती.

पण मग मी विचारलं, राहता कुठे? तर म्हणाले, गावाच्या खोलीवर. ही गावाची खोली म्हणजे त्यांच्या गावातल्या सगळ्यांनी मिळून रोल्यात भाड्याने ठेवलेला फ्लॅट. गावचा कोणीही पोरगा नोकरी शोधायला आला की थेट तिथे उतरतो. पहिला पगार होईपर्यंत त्याच्याकडून एक दिरहम घ्यायचा नाही, जेवणाचासुद्धा. पगार झाला की तो स्वतःची सोय बघतो आणि मग पुढची सगळी वर्षं, खोलीत राहो न राहो, दर महिन्याला खोलीचा वाटा भरतो.

"आणि एखाद्याची नोकरी गेली तर?"

"तर परत खोलीवर. त्यात काय?"

हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळेना. आमच्याकडे एखाद्याची नोकरी गेली की तो माणूस आधी मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडतो. काही महिन्यांनी कोणीतरी म्हणतं, अगं ते लोक गेले वाटतं पुण्याला. आणि मग त्यांच्या फर्निचरचे फोटो दुसऱ्या ग्रुपवर दिसतात, अर्जंट सेल म्हणून.

"आता बचत," मी म्हटलं.

चहा आला होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला. स्वतःला घेतला नाही. शुगर आहे, आणि मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली.

"बचत गावी आहे, वहिनी. सुपारीची वाडी. वादळात सगळी झोपली होती, माहितीये ना तुम्हाला. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं, एका सकाळी आडवी. रेहान तेव्हा दापोलीला शेतीचं शिकत होता. आला आणि स्वतः रोपं लावली त्याने, पहिल्यापासून. मी फक्त पैसे पाठवले. आता अजून दोन वर्षं, इन्शाल्ला, मग नीट उत्पन्न यायला लागेल." मग ते रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाले, "मला आता होत नाही. या उन्हात बोनेटखाली वाकलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. बिलकीस रोज म्हणते, या. पण दुकान बंद केलं तर पाच घरांचे व्हिसे जातात, आणि वाडीला अजून दोन वर्षं पैसा लागणार. चालू ठेवायचं तर इथे कोणीतरी भरवशाचं बसायला पाहिजे. एकदा एकावर सोडून दीड महिना गावी गेलो होतो. आलो तर गल्ला साफ आणि गिऱ्हाइकं त्याने बाजूला काढलेल्या गॅरेजात."

"रेहानला बोलवा."

"नाही." हे इतकं पटकन आलं की मी दचकले. "तो इथे येणार नाही. तेवढ्यासाठीच तर मी इथे राहिलो. बिलकीसला मी शब्द दिलाय. मला यायला उशीर झाला तरी चालेल, पोरगा जाता कामा नये, असं ती म्हणते. आणि बरोबर आहे तिचं."

हे सगळं मी लेखात लिहिलं. विनिताने गावाच्या खोलीचा परिच्छेद काढला, म्हणाली, लांबतंय. वाडीचा परिच्छेद काढला, म्हणाली, सॅड आहे. उरले आकडे. स्मरणिका गणपतीत निघाली, गुळगुळीत कागदावर, माझ्या लेखासमोरच्या पानावर एका विमा एजंटाची जाहिरात. मी मुश्ताकभाईंना एक प्रत नेऊन दिली नाही.

सप्टेंबरच्या शेवटी गुणवंतची नोकरी गेली.

फार काही नाट्य झालं नाही. कंपनीने एक विभागच बंद केला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला एचआरच्या एका गोड मुलीने समोर बसवून थँक्यू म्हटलं. तो घरी आला, बूट काढले, आणि सोफ्यावर बसून बराच वेळ एसीकडे बघत राहिला. मी पाणी दिलं तर म्हणाला, "ग्रॅच्युइटी मिळेल." मी म्हटलं, "हो." त्याने पुन्हा म्हटलं, "ग्रॅच्युइटी मिळेल." बाणेरच्या फ्लॅटचे हप्ते चालू, वैभवी बारावीला, मार्चमध्ये बोर्ड. कंपनीने व्हिसा रद्द केला की ठरलेल्या मुदतीत दुसरा मिळाला तर ठीक, नाहीतर तिघांनी सामान बांधायचं. बारावीच्या मधोमध मुलीला कुठे नेऊन बसवायचं?

सहा लाखांचं घर एका दुपारी कसं हलकं होतं ते मी पाहिलं. मंडळाच्या ग्रुपवर गुणवंतने काही सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही. दिवाळीच्या कार्यक्रमाचं पावित्र्य राखायचं होतं म्हणे. आम्ही दिवाळीच्या कार्यक्रमाला गेलो, वर्गणी भरली, आणि विनिताने विचारलं तेव्हा गुणवंत म्हणाला, "ऑल गुड, ऑल गुड." घरी येताना गाडीत वैभवी म्हणाली, "पपा, यू आर अ टेरिबल लायर," आणि कानात इअरफोन घालून खिडकीकडे वळली.

मुश्ताकभाईंना मीच सांगितलं. गाडीच्या एसीत गॅस भरायला गेले होते, त्यांनी विचारलं, साहेब कसे आहेत, आणि माझा चेहराच बोलला. ते दोन दिवसांनी संध्याकाळी घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात खजुराचा डबा. वीस वर्षांत ते आमच्या अल नहदाच्या घरी तीनदा आले असतील.

चहापाणी झालं. गुणवंत मार्केटबद्दल बोलत होता, प्रोजेक्ट्स स्लो आहेत, जानेवारीत पिकअप होईल, असलं काहीतरी. मुश्ताकभाई मान हलवत होते. मग म्हणाले,

"साहेब, माझ्या केबिनमध्ये एक टेबल रिकामं आहे. एसी चांगला आहे तिथला. तुम्ही येऊन बसा. व्हिसा माझ्या लायसनवर लावू, फॅमिलीचाही होईल. हल्ली ते व्हॅट, कॉर्पोरेट टॅक्स, कसलं कसलं ऑनलाइन भरायला लागतं, तुम्हाला तर चुटकीसरशी जमेल. पगार तुमच्या लायकीचा नाही देता येणार मला. पण बेटीची बारावी शांतपणे होईल."

मी गुणवंतकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"थँक्यू मुश्ताकभाई. खरंच थँक्यू. पण दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. वर्स्ट केस आलीच तर नक्की सांगतो."

"हां हां, काही घाई नाही," मुश्ताकभाई म्हणाले. थोडं थांबले. "टेबल आहेच." मग उठले. मी जेवायचा आग्रह केला, पण थांबले नाहीत.

दार लागताच गुणवंत म्हणाला, "गॅरेजच्या व्हिसावर राहायचं? लिंक्डइनवर काय लिहू मी? आणि त्या माणसाची कमाई किती, तूच लिहिलंयस ना? त्याच्या ताटातलं घ्यायचं?"

"घ्यावं," मी म्हटलं. "मुलीसाठी घ्यावं." आमचं जोरात भांडण झालं. मीही त्यांचं बोलणं दानच समजले होते, फक्त दान घ्यायची मला लाज कमी आहे. भांडणात मी गुणवंतला म्हटलं की तुमच्या सात पिढ्यांत कोणाला 'हो' म्हणायला शिकवलं नाही. तो म्हणाला, माझ्या सात पिढ्या गॅरेजात बसल्या नाहीत. वैभवीने खोलीचं दार आपटलं.

'बोलणी चालू असलेली' ठिकाणं एकेक करून गप्प झाली. मुदत संपत आली तेव्हा गुणवंतला दुबईत रास अल खोरला एका बिल्डिंग मटेरियलच्या गोदामात नोकरी मिळाली. टाइल्स, सॅनिटरी वेअर, पाइप. पगार नऊ हजार, दोन वर्षांचा करार, आठवड्यातून सहा दिवस. व्हिसावर हुद्दा मात्र 'कमर्शिअल मॅनेजर' असा आला, आणि तो गुणवंतने मला दोनदा दाखवला. रोज सकाळी तो अल नहदाहून दुबईच्या ट्रॅफिकमध्ये घुसायचा आणि रात्री टाइल्सची धूळ केसात घेऊन परत यायचा. गोदामातलं त्याचं टेबल पत्र्याच्या शेडखाली होतं, एसी नव्हता. यावर मी काही बोलले नाही. तो इतका थकलेला असायचा की बोलून उपयोग नव्हता, आणि मीही थकले होते. आम्ही दोघं रात्री जेवताना ताटाकडे बघत जेवायचो.

जानेवारीत कळलं की मुश्ताकभाई गावी चालले, कायमचे. मला खरंच आनंद झाला. वर्षभरात ऐकलेली पहिली चांगली बातमी. मी बिलकीसला फोन लावला. इतकी वर्षं आमचं ईदला आणि दिवाळीला बोलणं होतंच, मध्येही कधी कधी व्हायचं.

"मुबारक हो बिलकीस! शेवटी आणलंस नवऱ्याला."

ती म्हणाली, "ते येतायत ताई. रेहान चाललाय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे काय? दुकानात. दुसरं कोण आहे बसायला? डॉक्टरने सांगितलंय यांना, आता उभं राहून काम नाही. दुकान बंद केलं तर वाडी जाईल. बसणारा मिळाला नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता, नुसता रिकामा होता. "यांना फार उमेद होती तुमच्या साहेबांची. विचारून आले तेव्हा मला फोनवर म्हणाले, साहेब बसले तर मी डिसेंबरपर्यंत घरी, आणि पोराला हलायची गरज नाही. महिनाभर वाट बघितली त्यांनी. दुसऱ्या कोणाला विचारलं नाही."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

"बिलकीस, ते विचारायला नव्हते आले. ते आम्हाला मदत करायला आले होते. गुणवंतला नोकरी द्यायला."

"हां, मग तसंच विचारणार ना!" ती म्हणाली. "समोरचा अडचणीत आहे आणि आपण आपलं रडगाणं गायचं? यांच्या घरात मागायची हीच पद्धत. देतोय असंच म्हणायचं. माझं स्थळ मागायला यांचे वडील आले तेव्हा माझ्या बाबांना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, तुमच्या घरात मुली जास्त, आमच्या घरात जागा फार. बस. आमच्या बाबांना कळलं. त्यांनी शिरखुर्मा सांगितला." ती जरा हसली, आणि मग हसणं अर्धवट सोडून म्हणाली, "तुम्हाला नाही कळलं?"

नाही कळलं. तीन डिग्र्या असलेल्या दोन माणसांना समोर बसलेला माणूस काय मागतोय ते कळलं नाही, कारण गरजू आम्ही होतो आणि गरजू माणसाकडे कोणी काही मागेल हे आमच्या हिशोबातच नव्हतं. मला त्या दिवशी स्वतःपेक्षा गुणवंतचा जास्त राग आला, आणि त्या 'लायकी' शब्दाचाही, जो मुश्ताकभाईंनीच वापरला होता. इतकं कशाला वाकायचं माणसाने? सरळ सांगता येत नव्हतं, की मला घरी जायचंय, माझ्या जागी बसा?

गुणवंतला मी रात्री सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. दुसऱ्या दिवशी गोदामातून अर्धी सुट्टी घेऊन तो इंडस्ट्रियल एरियात गेला, आणि मला बरोबर घेतलं, कारण एकट्याने जायची त्याची हिंमत नव्हती.

मुश्ताकभाई रेहानसाठी टेबल पुसत होते.

"मुश्ताकभाई, मी येतो," गुणवंत म्हणाला. "ती नोकरी सोडतो. रेहानला नका बोलावू."

मुश्ताकभाईंनी फडकं खाली ठेवलं. "नाही साहेब. आता कशाला? तुमचं सगळं लागलंय. प्रोबेशनमध्ये सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि बेटीची परीक्षा तोंडावर. रेहानचा व्हिसा आलाय, तिकीट झालंय. खलास."

"मला तेव्हा कळलं नाही."

"कळायचं काय त्यात? तुम्ही तुमचं बघितलंत, बरोबर केलंत. बसा, चहा सांगतो."

गुणवंत त्या रिकाम्या टेबलापाशी बसला, चहा प्यायला, आणि आम्ही परत आलो. गाडीत तो म्हणाला, "त्याने मला एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "त्यांना येत असत्या तर घातल्या असत्या."

रेहानला घ्यायला एअरपोर्टवर मुश्ताकभाई टॅक्सीने जाणार होते. गुणवंतने ऐकलं नाही. आमच्याच गाडीने जायचं, तेवढं तरी करू द्या, म्हणाला. फेब्रुवारीतली दुपार, ऊन सौम्य होतं. रेहान बाहेर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. रापलेला, रुंद खांद्यांचा, पंचविशीतला तरुण. माझ्या पाया पडायला वाकला, मग सवयीने वडिलांना सलाम केला, आणि दोघांनी मिठी मारली. मुश्ताकभाईंनी त्याची बॅग स्वतः उचलायचा प्रयत्न केला. त्याने उचलू दिली नाही.

गाडीत मुश्ताकभाई पुढे, गुणवंतशेजारी. मी आणि रेहान मागे. रेहान खिडकीतून रस्त्याकडेची खजुराची झाडं बघत होता.

"काकी, प्रत्येक झाडाला ड्रिप आहे इथे! केवढा खर्च येत असेल?"

"ते मला काय माहीत, बाबा."

"आपल्याकडे एवढं पाणी दिलं असतं तर..." तो हसला. मग त्याने फोन काढून मला वाडीचे फोटो दाखवले. ओळीने उभी झाडं, मधून मिरीचे वेल, एका फोटोत बिलकीस, केस पांढरे झालेले. प्रत्येक रांग कधी लावली ते त्याला पाठ होतं. गडी ठेवलाय, म्हणाला, पण गड्याला कळत नाही कुठल्या झाडाला काय हवंय. रोज फोन करून सांगायला लागेल. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट तो बापाला घरी पाठवतोय या गोष्टीचा त्याला अभिमान वाटत होता, ते दिसत होतं.

"आठवडाभर अब्बा मला सगळं शिकवणार, मग यल्ला, घरी," तो म्हणाला. "आणि मला काय, काकी, दोनच वर्षं काढायचीत. वाडी नीट लागली की मी परत." मग पुढे वाकून त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गमतीने विचारलं, "अब्बा, तुम्ही पण पहिल्यांदा दोन वर्षांच्याच व्हिसावर आला होतात ना?"

मुश्ताकभाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, गाडी थांबवा."

त्यांनी आमच्याकडे सरळ मागितलेली ती पहिली गोष्ट. एअरपोर्टच्या त्या रस्त्याला मध्येच गाडी थांबवता येत नाही, मोठा दंड बसतो, आणि इतक्या वर्षांत गुणवंतने कधी दंड भरलेला नाही. त्याने इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. मुश्ताकभाई दार उघडून उतरले, दोन पावलं वाळूत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बाजूने ट्रक जात होते. रेहान दाराकडे सरकला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"काय झालं, काकी? शुगर लो झाली का?"

"नाही. बस तू. त्यांना जरा उभं राहू दे."

तो बसला. काचेतून वडिलांच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत राहिला.

"अब्बा रडतायत का?" त्याने हळूच विचारलं.

"हो," मी म्हटलं.